पेपर लपवू नको, बाय

अगो बाय, रडून झालं असेल तर ऐक. झालं नसेल तर आधी रडून घे, मला घाई नाही. बीजगणितात 40 पैकी 13 पडले, पासाला 14 लागतात, आणि पेपर वाटले तेव्हा ते सगळ्या वर्गाला कळलं. हे झोंबणारच. कुणी म्हणेल, "सहामाही तर आहे, त्यात काय एवढं?" मी तसं म्हणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत फराळ करतानाही तुझ्या डोक्यात हाच पेपर होता, हे मला ठाऊक आहे.

फोनवर तू म्हणालीस, "ताई, मी रोज अभ्यास केला तरी असं झालं. म्हणजे मला गणित येणारच नाही." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. तुझी पाठ दुखेपर्यंत तू वाचत बसायचीस, हे मी पाहिलंय. दुसरं वाक्य मात्र पेपरात कुठे लिहिलेलं नाही, ते तू आपल्या मनाने जोडलंस. आज आपण पेपरात काय लिहिलंय तेवढंच बघू.

पण त्याआधी घरी सांगायचं. आज रात्रीच.

दातिवऱ्यात बातमी पायाने चालत नाही, हे तुला मी काय सांगू! तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आपल्याच आळीतल्या. होडी किनाऱ्याला लागली की चार बायका भेटणार, आणि कुणीतरी आईला विचारणार, "तुझ्या पोरीला किती पडले गो?" आईला तिथे, चारचौघांत, मान खाली घालून ऐकावं लागलं तर तिला 13 मार्कांपेक्षा त्याचं दुःख जास्त होईल. तुझा निकाल तिला तुझ्याच तोंडून कळला पाहिजे.

ती मासळी विकून दमून आली की लगेच सांगू नको. हातपाय धुऊ दे, चहा घेऊ दे. मग पेपर हातात घेऊन समोर बस आणि सरळ सांग: "आई, बीजगणितात मला 13 पडले. नापास झाले. पेपर आणलाय. कुठे चुकलं ते ताईबरोबर बसून बघणार आहे." बस, एवढंच. "पेपर कठीण होता", "सगळ्यांनाच कमी पडलेत", "अमकीला तर माझ्याहूनही कमी आहेत" यातलं काहीही पुढे जोडू नको. सबबी ऐकल्या की आईला वाटतं, पोरीला अजून कळलंच नाही.

आई रागावेल. "एवढं राबतो ते कशासाठी?" म्हणेल. "तो मोबाइल आधी ठेव" म्हणेल. कदाचित असंही म्हणेल, "राहू दे मग शाळा, चल उद्यापासून माझ्याबरोबर बाजारात." त्या क्षणी उलट बोलू नको. तिच्या रागाच्या तळाशी भीती आहे. ज्यांना स्वतःला शिकायला मिळालं नाही, त्यांना मुलीच्या शाळेचं दार बंद होताना दिसलं की ते घाबरतात, आणि घाबरलेली माणसं मोठ्या आवाजात बोलतात. दोन दिवसांनी तो आवाज खाली येतो. नाहीच आला, आणि शाळा सोडायचा विषय खरंच निघाला, तर मला लगेच फोन कर. मी येऊन तुझ्या बाबांशी आणि आईशी बोलेन. ते बोलणं तू एकटीने अंगावर घेऊ नको.

अजून एक, बाय. बाजारात बसणं ही शिक्षा आहे असं कुणी भासवलं तरी तू तसं मानू नको. आई टोपलीतल्या मासळीचे वाटे लावते, गिऱ्हाइकाशी भाव करते, उधारी लक्षात ठेवते आणि संध्याकाळी पैशापैशाचा हिशोब तोंडी सांगते. तेही गणितच आहे. ते करणाऱ्या बाईची मुलगी आहेस तू.

आणि प्रगतिपुस्तकावर सही हवी आहे ना? ती बाबांचीच हवी. वर्गातल्या कुणी "मी करून देते" म्हटलं तरी नको. एकदा सही लपवली की पुढचा प्रत्येक निकाल लपवावा लागतो, आणि लपवायच्या धास्तीत अभ्यास होत नाही.

आता त्या 13 ची किंमत नीट समजून घे. सहामाहीचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत. मार्चमध्ये बीजगणिताचा 40 चा आणि भूमितीचा 40 चा असे दोन पेपर होतील आणि 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. मिळून 100, आणि पासाला 35. तेव्हा या 13 मार्कांनी तुझं काहीही कायमचं बिघडवलेलं नाही. पण त्यांनी एक काम केलंय. बोर्डाच्या आधी तीन महिने, काय येत नाही ते कागदावर लिहून तुझ्या हातात दिलंय. म्हणून तो पेपर कंपासपेटीत घडी करून ठेवण्यासारखा नाही. उघडून समोर पसर.

बाबा जाळं शिवायला बसतात तेव्हा काय करतात? आधी सगळं जाळं पसरून, कुठे कुठे तुटलंय ते हाताने चाचपत जातात. तुटलेली जागा सापडल्याशिवाय दोरा घेत नाहीत. पेपरही तसाच बघायचा. पेन्सिल घे, आणि जिथे जिथे मार्क गेलेत तिथे समासात तीनपैकी एक अक्षर लिही.

"च" म्हणजे चूक. उदाहरण येत होतं, पण हात घसरला. दोन चलांतील रेषीय समीकरणांत खालचं समीकरण वजा करताना पहिल्या पदाचं चिन्ह बदललं आणि शेवटच्याचं तसंच राहिलं. किंवा प्रश्न उतरवताना 6 चा 9 झाला. असल्या जागा.

"न" म्हणजे नाही आलं. वर्गसमीकरणाचा विवेचक काढून त्यावरून मुळांबद्दल काय म्हणायचं हेच कळलं नव्हतं, किंवा श्रेढीचं विसावं पद काढायला कुठलं सूत्र लावायचं ते सुचलंच नाही.

"वे" म्हणजे वेळ. येत होतं, पण तिथपर्यंत पोचलीच नाहीस. कोरं राहिलं.

सगळा पेपर संपला की तिन्हींची बेरीज कर. तुझे 27 मार्क गेलेत. समज, "च"मध्ये 8 निघाले, "वे"मध्ये 7 आणि "न"मध्ये 12. मग हे बघ: नवीन काहीही न शिकता, नुसतं सावकाश लिहिलं आणि वेळ सांभाळला तर 13 चे 28 होतात. "मला गणित येत नाही" हे वाक्य फक्त 12 मार्कांपुरतं खरं उरतं, आणि ते 12 मार्कही दोन-तीन धड्यांतच असतील. तुझे आकडे वेगळे निघतील, पण ते तुझे असतील आणि खरे असतील. माझ्याच्याने इथे बसून ते सांगता येणार नाहीत. पेपर बघूनच कळतील.

बेरीज करताना सरांची बेरीज चुकलेली दिसली, किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं दिसलं, तर नम्रपणे जाऊन दाखव. तो तुझा हक्क आहे. पण चूक नसताना "सर, एक मार्क द्या ना, पास होईन" म्हणून मागे लागू नको. मागून मिळालेल्या 14 व्या मार्काने तुझी वजाबाकी सुधारणार नाही.

वेळेचं म्हणशील तर एक साधा हिशोब पाठ कर. बोर्डाचा बीजगणिताचा पेपर दोन तासांचा, म्हणजे 120 मिनिटं आणि 40 मार्क. एका मार्काला तीन मिनिटं. चार मार्कांच्या शाब्दिक उदाहरणावर बारा मिनिटं झाली आणि ते सुटत नसेल, तर जागा सोड आणि पुढे जा. लिहिलेल्या पायऱ्यांचे मार्क मिळतात, त्या खोडू नको. आणि आत्ताच्या पॅटर्नप्रमाणे पहिल्या दोन प्रश्नांतच, म्हणजे पर्याय निवडा, एका मार्काची उदाहरणं, चौकटीतली कृती पूर्ण करा आणि दोन मार्कांची उदाहरणं यांत, 20 मार्क असतात. अर्धा पेपर! तू सुरुवातीलाच मोठ्या उदाहरणाला भिडलीस आणि घाबरलीस. पुढच्या वेळी आधी हे 20 गाठीला बांध, मग मोठ्यांकडे जा.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. रोज अभ्यास करूनही असं का झालं?

तू कसा अभ्यास करतेस ते आठव. गाईड किंवा 21 अपेक्षित उघडायचं, सोडवलेलं उदाहरण ओळीओळीने वाचायचं, मान डोलवायची, "हां, आलं" म्हणायचं, आणि पान उलटायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतः काढता येणं वेगळं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर याचाच प्रयोग केला. काही जणांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. आता कळलं का, आदल्या रात्री तुला सगळं येत होतं आणि पेपरात हात का थांबला ते? तुझ्या कष्टांत काही कमी नव्हतं, बाय. कष्ट चुकीच्या जागी खर्च झाले.

म्हणून उद्यापासून असं कर. सोडवलेलं एक उदाहरण एकदाच नीट वाच. पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर तेच उदाहरण स्वतः सोडव. अडलीस तर लगेच पुस्तक उघडू नको, दोन मिनिटं झुंज दे. मग उघड, कुठे अडलीस तेवढंच बघ, पुन्हा मिट. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी न बघता कर, मग चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात. रोज पाच उदाहरणं अशी झाली तर पुरे. पन्नास वाचण्यापेक्षा ही पाच बरी. सुरुवातीला हे फार कठीण वाटेल आणि "मला काहीच येत नाही" असं वाटेल. तसं वाटलं म्हणून थांबू नको, कारण आठवायला जो जोर लागतो त्यानेच ते डोक्यात टिकतं.

घरात वेळ कुठून काढायचा, हेही मी जाणते. ज्या घरात पोट समुद्रावर आहे त्या घरात घड्याळ भरती-ओहोटीचं असतं, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज होडी पहाटे निघाली तर पुढच्या आठवड्यात वेळ वेगळीच. म्हणून "रोज सात ते नऊ" असली वेळ भिंतीवर लावू नको, ती आपल्याकडे चार दिवस टिकत नाही. कामाला बांधून वेळ ठरव: शाळेतून आल्यावर, बोंबील आवरायच्या आधी पाऊण तास, आणि जेवण झाल्यावर पाऊण तास. हा दीड तास आईकडे मागून घे. लपूनछपून काढलेला वेळ कुणीही मोडतं. आईने दिलेला वेळ आईच राखते, "ती अभ्यासाला बसलीय, हाक मारू नका" असं तीच घरच्यांना सांगेल. आणि झोप मोडू नको. बारापर्यंत जागून सकाळी वर्गात डुलक्या काढल्या तर सर नवीन शिकवतात तेच बुडतं.

"न" लिहिलेल्या जागांसाठी सरांकडे जा. पण "सर, मला गणित येत नाही" असं म्हणू नको. त्यावर कुणीही काय उत्तर देणार? पेपर घेऊन जा, बोट ठेव आणि विचार, "सर, या तिसऱ्या ओळीतून चौथी ओळ कशी आली?" एवढ्या नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यायला सरांना मधली सुट्टीही पुरते. एका दिवशी एकच प्रश्न ने. क्लासचा विषय निघाला तर आईला सांग, तीन आठवडे थांबूया. सफाळ्याला जाऊन-येऊन वेळ जातो, भाडं जातं, फीचे पैसे वेगळे. आधी हे करून पाहू, मग उरलंच तर क्लास.

तुझ्या त्या मैत्रिणीला 36 पडले, म्हणून तू तिच्याशी बोलायची थांबलीस. हे मला तुझ्या आईकडून कळलं. बाय, तिचे 36 तुझ्या गेलेल्या 27 मधून आलेले नाहीत. तिला सांग, "मला वर्गसमीकरण समजावशील?" समजावताना तिचंही पक्कं होईल. आणि आठवडाभर रुसून बसलेली मैत्रीण परत मिळाली याचा तिलाही आनंदच होईल.

आता लोक तुला आईनस्टाईनची गोष्ट सांगायला येतील, की तो गणितात नापास झाला होता. ते खरं नाही. 1895 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता, पण गणित आणि भौतिकशास्त्र त्याचं उत्तमच होतं. बाकीच्या विषयांत तो कमी पडला. मग तो आराऊ गावच्या शाळेत वर्षभर बसला, राहिलेलं शिकला, आणि 1896 मध्ये त्याला प्रवेश मिळाला.

त्याच्याहून जवळचे आपले कोकणातले, मुरूडचे धोंडो केशव कर्वे. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तिथे पोचल्यावर त्यांना सांगण्यात आलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. एवढं चालून जाऊन पेपर हातातसुद्धा पडला नाही, आणि घरी जाऊन ते सांगायचं होतं. पुढे त्यांनी ती परीक्षा दिली, मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचं वय तेवीस होतं. हेच कर्वे 1891 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. विषय कुठला? गणित! मुलींसाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाला 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. या दोन्ही गोष्टींत मला चमत्कार दिसत नाही. मला दिसतं ते मधलं वर्ष. पडल्यानंतर गुपचूप पुन्हा केलेला अभ्यास. लोक ते वर्ष गाळून गोष्ट सांगतात, आणि आपल्याला तेवढंच नेमकं हवं असतं.

तू विचारशील, "आणि मार्चलाही असंच झालं तर?" विचार. मनात ठेवू नको. झालं तर निकालानंतर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती बघून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. पूर्वी ऑक्टोबरची वाट बघावी लागायची आणि वर्ष हातचं जायचं, 2015 पासून तसं राहिलेलं नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. आयटीआयच्या काही ट्रेडला तर दहावी न सुटलेल्यांनाही घेतात, आणि इथे बोईसर-तारापूरला हातात कसब असलेल्या माणसाला काम आहे. हे सगळं मी तुला तू नापास होशील म्हणून सांगत नाही. खाली जमीन आहे हे ठाऊक असलं की पाय थरथरत नाहीत आणि पेपर चांगला जातो, म्हणून सांगते.

आता एक गोष्ट अगदी कानात. निकालाच्या दिवसांत कधी असं वाटलं की मी नसते तर बरं झालं असतं, किंवा घरी तोंड दाखवूच नये, तर तो विचार एकटीने क्षणभरही सांभाळत बसू नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. आईला उठव. मी फोन उचलला नाही तर 14416 लाव, ती टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलतात. मुलांसाठी 1098 सुद्धा आहे. तिथे रागावत नाहीत, ऐकून घेतात. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी असं काही बोलली तर तिलाही हे दोन नंबर दे, आणि मोठ्या माणसाला सांग. ते सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

मी शनिवारी सफाळ्याला उतरून दुपारच्या एसटीने येते. तोपर्यंत तुझी दोनच कामं. आज रात्री आईला सांगायचं. आणि उद्यापासून पेपरातल्या 27 मार्कांपुढे च, न, वे लिहून तीन बेरजा काढून ठेवायच्या. "च"मधली उदाहरणं माझी वाट न बघता पुन्हा सोडव, ती तुझी तुला येतात. "न"मधली आपण दोघी बसून करू. रविवारी मी निघायच्या आधी तुझी चाळीस मार्कांची चाचणी घेणार आहे, दोन तास लावून. किती पडतात त्याची भीती धरू नको. जितके पडतील तितके खरे असू देत.